मधले बासष्ट किलोमीटर

११ नोव्हेंबर, सोमवार

"बोलावून घ्या." डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, तेही फाइलमध्ये डोकं घालून.

मी विचारलं, किती दिवस आहेत? तर उलट मलाच विचारतात, "तुमचा भाऊ किती लांब असतो?"

माझ्या तोंडून आपोआपच निघालं — सरळ रेषेत बारा हजार सहाशे किलोमीटर, थेट विमान नाही, एक थांबा धरून वीस ते चोवीस तास, घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे. त्या चष्म्यावरून बघतच राहिल्या. बावीस वर्षं तिकिटांच्या काउंटरवर बसल्यावर माणूस असंच बोलतं. वडील मरायला टेकलेत आणि ही बाई अंतरं सांगतेय, असं वाटलं असेल त्यांना.

"मग आज-उद्याच निघू दे त्यांना," म्हणाल्या. "हृदय थकलंय. आठवड्याचं काही मी सांगू शकत नाही."

वॉर्डात परत आले तर बाबा जागे. ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून म्हणाले, "काय म्हणाली?"

मी म्हटलं, धाकट्याला बोलवायचंय.

मला वाटलं, नको म्हणतील. सात वर्षं झाली, त्याचं नाव घेतलं नाही या माणसाने! फोन आला की टीव्हीचा आवाज वाढवायचे. पण म्हणाले, "बोलव. मला त्याला एक सांगायचंय."

"काय?"

"त्यालाच सांगीन."

"फोन लावून देऊ?"

"हे फोनवर सांगायचं नाही." आणि मास्क लावून टाकला. संपला विषय!

१२ नोव्हेंबर, मंगळवार

धाकट्याशी बोलले. मी दोनदा "हॅलो, हॅलो" केलं. मग म्हणाला, "त्यांनी स्वतः बोलावलंय? की तू म्हणतेयस?" मी म्हटलं, शपथ, स्वतः. "काय सांगायचंय त्यांना?" मला काय ठाऊक! "ये आणि ऐक," म्हटलं. म्हणाला, "बुधवारी निघतो. तिकीट तूच काढ, ताई. तुझ्यावर सोडतो."

आठला ऑफिस उघडून बसले. शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली पोरगी यायची होती अजून. (ती म्हणते मला नावाने हाक मारा, पण तिच्याआधी चौघी येऊन गेल्या, नावं लक्षात ठेवून ठेवून डोक्याचा भुगा झाला.) सरळ मार्गाचं एक तिकीट होतं, एकाच कंपनीचं — तेवीस तास चाळीस मिनिटं. मधल्या शहरात सहा-साडेसहा तास नुसतं बसून राहायचं. इथे एकेक तास मोजतेय मी आणि साडेसहा तास खुर्चीवर?

मग माझी नेहमीची हातचलाखी. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं जोडली. पहिला टप्पा दहा तास वीस, मध्ये तीन तास दहा, दुसरा टप्पा सहा तास पंचेचाळीस. एकूण वीस तास पंधरा. जवळजवळ साडेतीन तास वाचवले! आपलं घड्याळ धरलं तर उद्या रात्री नऊला सुटायचं आणि परवा संध्याकाळी सव्वापाचला उतरायचं. दीड तास रस्ता. पावणेसातला बाबांच्या खाटेशी.

पडद्यावर नेहमीसारख्या दहा सूचना उगवल्या. ठीक, ठीक, ठीक करत गेले. त्याच्या फोनवर पाठवलं आणि हॉस्पिटलकडे पळाले. मालक दारातच भेटले. "बाई, घरचं तिकीट ना? आपलं कमिशन लावू नका हं." बरा माणूस आहे तसा.

बाबांना सांगितलं, परवा पावणेसात. त्यांनी बोटं मोजली. काय मोजलं कोण जाणे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

बाबांनी आज कागद मागितला. सिस्टरकडून तापाचा जुना तक्ता आणला. म्हणाले, मागच्या बाजूला दोन रकाने आख. डावीकडे 'सुटली', उजवीकडे 'पोचली'.

हसूच आलं. बस डेपोत एकतीस वर्षं हेच केलं यांनी. काळा फळा, खडू, दोन रकाने. 'येण्याची शक्यता' असा तिसरा रकाना साहेबाने काढायला लावला, तर हे भांडले त्याच्याशी! चाक हलल्याशिवाय सुटली लिहायचं नाही, चाक थांबल्याशिवाय पोचली लिहायचं नाही, बाकी सगळ्या बाता. आम्हा दोघांना लहानपणी शाळेतून यायला उशीर झाला तरी आई घाबरायची, बाबा नाही. "पोचतील तेव्हा पोचली म्हणू," असं म्हणत पेपर वाचायचे. पेपर उलटा धरलेला असायचा, ही गोष्ट वेगळी.

त्यांना आज जेवण गेलं नाही. दोन चमचे पेज, बस्स. पाय सुजलेत. पण डोकं लख्ख आहे. झोपेतून उठले की पहिला प्रश्न, "किती वाजले?"

मला राहून राहून ते सात वर्षांपूर्वीचं आठवतंय. लिहूनच टाकते, नाहीतर डोक्यात घोळत राहील. आई अकरा दिवस कृत्रिम श्वासावर होती. धाकटा वेळेवर आला होता तेव्हा, दुसऱ्याच दिवशी. दहा दिवस तिच्या पायाशी बसून होता. शेवटी डॉक्टर म्हणाले आता यंत्र काढायचं ठरवा, कुणीतरी सही करा. बाबांना पेन धरवेना. मी? मी शेपूट घातलं. "बाबा ठरवतील" म्हणून बाहेर जाऊन उभी राहिले. सही केली धाकट्याने. पंचवीस वर्षांचं पोर. त्याचं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं, मीच काढलेलं. आणि तो निघाला तेव्हा बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "तुला परत जायची घाई होती."

त्याने बॅग उचलली आणि गेला. परत आला नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळ

काल रात्री नऊ वाजून चार मिनिटांनी सुटलं! त्याचा मेसेज — 'हललं.' सकाळी बाबांच्या तक्त्यावर लिहिलं. त्यांनी माझ्या हातून कागद घेऊन डोळ्यांजवळ नेला, चार मिनिटं उशीर बघून "हं" केलं. रात्र बरी गेली म्हणतात. चेहरा तरतरीत. सिस्टरला सांगून दाढी करून घेतली! सिस्टर म्हणते, "आज काय आजोबा, लग्नाला निघालात?" बाबा म्हणाले, "पाहुणा येतोय."

१४ नोव्हेंबर, गुरुवार. दुपार

क्रमाने लिहिते.

पावणेनऊला धाकट्याचा फोन. "ताई, माझं पुढचं विमान या विमानतळावरून नाहीये."

मी म्हटलं काहीतरीच काय!

"जुन्या विमानतळावरून आहे. मी नव्यावर उतरलोय. मध्ये बासष्ट किलोमीटर."

वॉर्डाच्या जिन्यातच खाली बसले. टॅक्सी कर, म्हटलं, पळ, साडेनऊपर्यंत काउंटर उघडा असतो! "दीड तास लागतो म्हणतात. रस्ता तुंबलाय." आवाज इतका शांत की मलाच राग आला. थकला असेल. मी तरी प्रयत्न कर, प्रयत्न कर, ओरडत राहिले. जिन्यातून जाणारी माणसं बघायला लागली.

चुकलं. विमान चुकलं.

रिक्षा करून ऑफिसात गेले, पडद्यावर ते तिकीट काढलं. स्पष्ट लिहिलंय. उतरण्याच्या विमानतळाची तीन अक्षरं वेगळी, चढण्याच्या विमानतळाची वेगळी. बाजूला लाल चांदणी. मी 'ठीक' करून पुढे गेलेली चांदणी!

त्या शहराला दोन विमानतळ आहेत हे मला माहीत नाही? मला? गेल्या महिन्यातच एका जोडप्याला दटावलं होतं यावरून! माझा नियम आहे — तिकीट हातात द्यायच्या आधी तोंडाने म्हणायचं, बोटाने दाखवायचं. तारीख. शहर. विमानतळ. वेळ. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. एका म्हाताऱ्या जोडप्याला कुणीतरी एकाच नावाच्या दोन शहरांतल्या भलत्याच शहरी धाडलं होतं, तेव्हापासूनचा नियम. चष्मेवाली हसते, "बाईंचं पाठांतर सुरू झालं" म्हणते. बावीस वर्षांत एक तिकीट असं गेलं नाही. आणि स्वतःच्या भावाचं तेवढं न वाचता पाठवलं. साडेतीन तास वाचवायला!

दोन वेगळी तिकिटं, म्हणजे दुसऱ्या कंपनीवर जबाबदारी नाही. तिकीट बुडालं. पुढची जागा उद्या सकाळी साडेआठची. चष्मेवालीने माझ्या हातातून माऊस काढून घेतला आणि तिने काढलं ते तिकीट. मग तिनेच बोट ठेवून मोठ्याने वाचलं. मी ऐकलं. रडले नाही. रडायला वेळ नव्हता.

ते लांबचं, तेवीस तास चाळीसचं तिकीट काढलं असतं तर आज रात्री तो इथे असता. घोडचूक. माझी. कुणाची नाही, माझी!

धाकट्याला फोन केला. म्हटलं, "तिथे बसल्या बसल्या व्हिडिओ कॉल कर, मी फोन त्यांच्यासमोर धरते. निदान चेहरा बघू दे."

"इथे फार गोंगाट आहे ताई. येतोच आहे ना उद्या."

१४ नोव्हेंबर. संध्याकाळ

आणखी एक पाप. साडेदहाला बाबांनी विचारलं होतं, "दुसरी सुटली का?" आणि मी 'हो' म्हटलं. तक्त्यावर लिहिलंसुद्धा! सुटली — १०.३०. एकतीस वर्षांत यांनी जे केलं नाही ते मी त्यांच्या कागदावर केलं.

सव्वापाच झाले. साडेपाच झाले. "पोचली?" मी म्हटलं, उशीर होतोय, तिकडे सकाळी धुकं होतं.

बाबा मास्क काढून म्हणाले, "धुकं होतं तर साडेदहाला सुटली कशी?"

धन्य आहे! मरणाच्या दारातही हिशोब पक्का. मग मी सगळं सांगितलं. दोन विमानतळ, लाल चांदणी, सगळं. खाटेच्या कडेवर डोकं ठेवून सांगितलं, त्यांच्याकडे बघवेना.

मला वाटलं, बोलतील. बोलायला हवे होते. तोंडाचे फटकळ पहिल्यापासून. पण त्यांनी माझ्या डोक्यावर दोन टपल्या मारल्या, हलक्या, आणि म्हणाले, "गाडी चुकली. चुकते. पुढची कधी?"

"सकाळी साडेआठ."

डोळे मिटून म्हणाले, "सव्वातीन. अधिक दीड तास. पावणेपाच." मग, "ते साडेदहा खोड आधी."

खोडलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

एक वाजून वीस मिनिटांनी बाबा गेले. धाकट्याला उतरायला एक तास पंचावन्न मिनिटं बाकी होती.

१६ नोव्हेंबर, शनिवार

काल त्या एका ओळीपुढे लिहिता आलं नाही. आज लिहिते, विसरायच्या आत.

सकाळी साडेआठला 'हललं' असा मेसेज आला. मी तक्त्यावर लिहिलं, या वेळी खरं. बाबांना दाखवलं. त्यांचा श्वास घरघरत होता. कागद बघितला, भिंतीवरचं घड्याळ बघितलं. म्हणाले, "पावणेपाच नाही व्हायचे माझ्याच्याने. तू लिहून घे."

मी म्हटलं, असं बोलू नका, पोचतोय तो.

"लिही म्हणतो ना!" तेवढ्यातही खेकसले.

तक्त्याच्याच खालच्या कोपऱ्यात लिहिलं. शब्द त्यांचेच आहेत, मी एक इकडचा तिकडे केला नाही. "त्याला घाई नव्हती. मला माहीत होतं तेव्हाही. सही मी करायची होती, माझा धीर झाला नाही. पोराने केली. त्याने बरोबर केलं. मी चुकीचं बोललो." थांबत थांबत, पंधरा मिनिटं लागली एवढ्याला. मग म्हणाले, "वाचून दाखव." मी बोट ठेवून वाचलं. म्हणाले, "ठीक." नंतर पाणी मागितलं. नंतर काही मागितलं नाही.

विमानतळावर मीच गेले त्याला आणायला. शेजारच्या काकू बाबांजवळ बसल्या होत्या. दारातून बाहेर येणाऱ्या लोकांत तो दिसला. पाठीला एक बॅग, बाकी काही नाही, कानांवरचे केस पांढरे झालेत! बत्तिसाव्या वर्षी! त्याने मला बघितलं आणि तिथेच थांबला. मी इथे उभी आहे म्हणजे तिथे बसायचं कारण उरलं नाही, हे त्याला न सांगता कळलं.

"कधी?"

"एक वीस."

घड्याळाकडे बघून म्हणाला, "तेव्हा मी जेवत होतो." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मागून ट्रॉलीवाले "बाजूला व्हा, बाजूला व्हा" करत होते. आम्ही काही बाजूला झालो नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

सगळं आटोपलं. डेपोतले सहाजण आले होते, त्यातले तिघं निवृत्त. एक म्हातारा ड्रायव्हर मला म्हणाला, "साहेबांनी चाळीस सेकंद लवकर गाडी काढू दिली नाही कधी." आणि हुंदके देऊन रडला. मला अजून रडू येत नाहीये.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज धाकट्याला तो कागद दिला. दोन दिवस हिंमत झाली नव्हती. स्वयंपाकघरात चहा करत होता. म्हटलं, बाबांनी तुझ्यासाठी सांगून ठेवलंय, बस आधी. तो उभाच राहिला. एका हातात गाळणं.

वाचलं. पुन्हा वाचलं. चहा उतू गेला, दोघांपैकी कुणी गॅस बंद केला नाही.

"कधी म्हणाले हे?"

"शुक्रवारी सकाळी. नऊच्या सुमारास."

"मी गुरुवारी आलो असतो तर—"

सिंकमध्ये एक कप घेतला आणि धूत बसला. धुतला, विसळला, परत साबण लावला. त्याच्या पाठीकडे बघत मी उभी. मला बोलायचं होतं की तू गुरुवारी आला नाहीस ते माझ्यामुळे. त्याऐवजी ओटा पुसायला घेतला. त्याला माहीत आहेच की, तिकीट कुणी काढलं होतं! तो बोलत नाही हा त्याचा चांगुलपणा. दोन चापट्या मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

भेटायला येणारे सगळे तेच म्हणतात. "अरेरे, विमान चुकलं म्हणे! नशीब एकेकाचं." धाकटा मान खाली घालतो. मी पाण्याचे पेले भरत राहते. नशीब कसलं, जळ्ळं मेलं! तिकीटवाली बाई म्हणा!

२० नोव्हेंबर, बुधवार

आज आम्ही दोघं डेपोत जाऊन आलो. तोच म्हणाला चल. फळा काढून टाकलाय, आता लाल अक्षरांची पाटी आहे, आपोआप बदलते. तिच्यावर तिसरा रकाना आहे — 'अपेक्षित'. धाकटा बघून हसला. आल्यापासून पहिल्यांदा. "बाबांनी ही पाटी फोडली असती," म्हणाला. मग बाकावर बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या, लहानपणी बाबांची पाळी संपेपर्यंत खायचो तशा. तेव्हा तो मला विचारायचा, ताई, सगळ्यात लांबची गाडी कुठली? मी सांगायचे अकरा तासांची. त्याला ते जगाचं टोक वाटायचं.

मी विचारलं, "बाबा काय सांगतील असं वाटलं होतं तुला?"

"तेच. परत तेच म्हणतील. आणि मग गप्प होतील कायमचे."

शेंगा संपल्या, टरफलं पुडीत भरली, घरी आलो.

ही वही घ्यायला गेले तर पिठाचा डबा उलट्या तोंडाने ठेवलेला. चहाच्या वेळी सरकवला असेल त्याने. लहानपणी हा द्वाड माझी वही चोरून वाचायचा म्हणून मी ती डब्यामागे लपवायला लागले, ती सवय या वयातही सुटली नाही. आता कोण वाचणार माझी रडगाणी?

२१ नोव्हेंबर, गुरुवार

परतीचं तिकीट काढलं. एकच कंपनी, एकच विमानतळ, मध्ये सहा तास, एकूण चोवीस. काउंटरसमोर त्याला गिऱ्हाइकासारखं बसवलं आणि बोट ठेवून मोठ्याने वाचलं. तारीख. शहर. विमानतळ. वेळ. 'विमानतळ' दोनदा म्हटलं. तो टेबलाकडे बघत होता. चष्मेवाली उठून पाणी आणायला गेली, तहान कुणालाच नव्हती.

उद्या जाईल. जायच्या आधी सांगायचंच. उघड म्हणायचं, माझ्या हातून झालं, मला माफ कर. न सांगता गेला तर मीही पुढची सात वर्षं टीव्हीचा आवाज वाढवत बसेन.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

नाही सांगितलं. भित्री ती भित्रीच!

आत जायच्या दारापाशी मी तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "ताई, घरी गेलीस की तुझी कामं कर आधी, झोप, जेव. मग लिहायला बस." मी म्हटलं, काय लिहायला? म्हणाला, "काहीही." सकाळी दहाला सुटलं. मेसेज — 'हललं.' मी बाबांच्या तक्त्यावर लिहून टाकलं, डावीकडे. घरी येऊन झोपलेच.

२३ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी सात

वही उघडली तर १४ तारखेच्या पानात घडी घातलेला कागद.

त्याचं तिकीट आहे. मी पाठवलेलं, त्याने तिकडे छापून घेतलेलं. खाली छापल्याची तारीख — १२. निघायच्या आदल्या दिवशीची. दोन विमानतळांच्या नावांभोवती निळ्या पेनाचा गोल. बाजूला त्याच्या अक्षरात, 'मध्ये ६२ किमी. टॅक्सी दीड तास. जमणार नाही.' त्याखाली, 'ताईला फोन करून बदलून घे.' आणि ती ओळ खोडलेली. दोनदा.

सगळ्यात खाली पेन्सिलने, ताजं — 'ताई, तुझी चूक नव्हती. मला माहीत होतं. मला उशीरच व्हायला हवा होता.'

मेल्या! दाढी करून बसले होते रे तुझ्यासाठी!

आता रडू येतंय. आठ दिवसांचं सगळं. कागद ओला होईल म्हणून लांब धरलाय. तक्ता समोर आहे, उजवा रकाना रिकामा. दहाला चाक थांबेल त्याचं, तिथे त्याची रात्र असेल. तेव्हा मी फोन करणार. पहिल्यांदा विचारायचं, पोचलास का.